बशीतलं आतडं



पोळीचा घास पोटात गेला की पोट फुगतं, जुलाब होतात, मूल काही केल्या बाळसं धरत नाही. या सीलिॲक विकाराला आपण सर्रास 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतो, पण ती ॲलर्जी नव्हे. गव्हातल्या ग्लुटेनवर बिथरलेली प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे मखमलीसारखे बारीक अंकुर झडून आतडं आतून सपाट होतं.

यामागे गहू आहे, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली उत्रेख्त विद्यापीठाला दिलेल्या प्रबंधात दाखवलं. पण आतड्यावर घाव नेमका कोण घालतं? जिवंत माणसाच्या पोटात असले प्रयोग करता येत नाहीत. उंदराला हा आजार हुबेहूब होत नाही.

गंमत अशी, की पुढची वाटही उत्रेख्तमध्येच निघाली. तोशिरो सातो आणि हान्स क्लेव्हर्स यांनी २००९ साली उंदराच्या आतड्यातल्या एका मूळपेशीपासून जेलीत इवलंसं आतडं वाढवलं. खसखशीहून लहान! याला ऑर्गनॉइड म्हणतात. त्यात आतड्याचं अस्तर होतं, पण हल्लेखोर पेशी नव्हत्या. भांडणातला एकच पक्ष समोर असला, तर भांडण समजायचं कसं?

अमेरिकेत स्टॅनफर्डला कॅल्विन कुओ यांच्या गटाने दोन्ही पक्ष एकाच बशीत आणले. दुर्बिणीने काढलेला रुग्णांच्या आतड्याचा तुकडा त्यांनी त्यातल्या प्रतिकारपेशींसकट वाढवला आणि त्याला ग्लुटेनचे अंश दिले. अस्तराच्या पेशी मरू लागल्या. या हल्ल्याला चिथावणी देणाऱ्यांत इंटरल्युकिन-७ हा रेणू सापडला. त्याला अडवलं, तर पेशींचा संहार आवरला. २०२४ साली 'नेचर'मध्ये हे प्रसिद्ध झालं.

प्रत्येक रुग्णाचं असं वेगळं आतडं वाढवता आलं, तर औषधाची परीक्षा आधी बशीत घेता येते. सिस्टिक फायब्रोसिस या दुसऱ्या आजारात डच डॉक्टरांनी हे करून पाहिलंय. औषध टाकल्यावर ऑर्गनॉइड पाण्याने फुगलं, तर त्या रुग्णाला ते लागू पडण्याची आशा धरायची.

सीलिॲकच्या रुग्णाला मात्र आज पथ्यच पाळायचं आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. पिठात गव्हाची भेसळ तेवढी नको. आणि हो, हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.