नऊने भाग जातो का, बघा!

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



'ज्येष्ठांचे अनुभव' यावर बोला, असे सेक्रेटरींनी सांगितले. अनुभव सांगत बसलो तर रात्र होईल. म्हणून एकच विषय घेतो. अनुभवी माणसाच्या हातून साधी चूक होते कशी?

बँकेत कॉम्प्युटर येण्याआधी रोज संध्याकाळी हिशोब हाताने जुळवावा लागे. जुळला नाही की घरी जाणे नाही. अशा वेळी आमचे हेडक्लार्क पहिले विचारायचे, "फरक किती?" आणि त्या फरकाला नऊने भाग जातो का ते बघायचे. गेला, तर कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत असा संशय धरायचा. ५४०० ऐवजी ४५०० लिहिले, फरक ९००. ८३ चे ३८ झाले, फरक ४५. शेजारचे दोन आकडे उलटले की फरक नेहमी नऊच्या पटीतच येतो. (नातवंडांनी करून बघावे!)

गंमत अशी, की नवीन पोरगा एकेक आकड्यावर बोट ठेवून लिहायचा. वीस वर्षे लेजर लिहिणाऱ्याचा हात मात्र आपोआप चालायचा आणि मन संध्याकाळच्या लोकलमध्ये असायचे. सवय वाईट नाही हो, ती नसती तर चहा करायलाही तास लागला असता. पण मध्येच कुणी हाक मारली, की सवयीच्या कामातली एखादी पायरी गळते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

१९७२ च्या २९ डिसेंबरला रात्री अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे विमान उतरणार होते. पुढचे चाक खाली आल्याचा दिवा लागेना. कॉकपिटमधली सगळी जाणती माणसे त्या दिव्याच्या मागे लागली. तेवढ्यात विमानाची उंची कायम राखणारी यंत्रणा सुटली आणि विमान हळूहळू खाली येत दलदलीत कोसळले. शंभरावर माणसे गेली. चाक व्यवस्थित खाली आले होते, फक्त दिवा जळला होता.

"लक्ष द्या" म्हणून लक्ष राहत नाही. एटीएमचे उदाहरण घ्या. पैसे आधी आणि कार्ड नंतर मिळत असे, तिथे लोक पैसे घेऊन निघून जात आणि कार्ड मशीनमध्येच राही. आलो पैशांसाठी, ते मिळाले, काम संपले! पुढे बऱ्याच मशीनमध्ये कार्ड आधी आणि पैसे नंतर असे केले गेले. माणूस तोच, फक्त क्रम बदलला.

आमच्या सौ. घराबाहेर पडताना बोट दाखवत मोठ्याने म्हणतात, "गॅस बंद, गीझर बंद, गॅलरीचे दार बंद." नातू हसतो. त्याला सांगितले, जपानमधले मोटरमन सिग्नलकडे बोट दाखवून असेच मोठ्याने बोलतात. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने १९९४ मध्ये चाचणी घेतली, तेव्हा शंभर कृतींमागे २.३८ चुका होत्या, त्या ०.३८ वर आल्या. आता तोही म्हणतो.

आपल्या इमारतीत माझ्या वयाची बरीच मंडळी एकटी राहतात. मुलाचा फोन नेमका दूध तापवतानाच येतो. तर आधी गॅस बंद, मग हॅलो. ब्लडप्रेशरची गोळी घेतली की नाही, आठवत नाही? सात वारांच्या खणांची डबी आणा. रिकामा खण स्वतःच सांगतो. आणि बँकेतून बोलतोय म्हणत कुणी घाईघाईने ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. त्या घाईतच तो आपले लक्ष चोरतो.

शेवटी आपल्या पंपाविषयी. वॉचमन पंप लावतो, तेवढ्यात कुरिअरवाला येतो, कुणाला गेट उघडून हवे असते, कुणाची गाडी अडते. टाकी वाहते. मग आपण मीटिंगमध्ये त्याच्या पगारातून पैसे कापायचा ठराव करतो. त्याने नेमके कुठे थांबून टाकीकडे बघायचे होते, हे कुणी विचारले नाही. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणाऱ्या फ्लोट स्विचचे कोटेशन मी सेक्रेटरींकडे दिले आहे. येत्या जनरल बॉडीत तो विषय घ्यावा आणि पगारकपातीचा ठराव त्याच सभेत मागे घ्यावा, अशी माझी सूचना आहे.