प्रोस्टेट : लाजू नका, लपवू नका
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेत आपण बिनधास्त करंगळी वर करायचो. साठी ओलांडल्यावर मात्र त्याच विषयाची लाज वाटते. युरॉलॉजिस्ट म्हणून मी पाहतो, कितीतरी पुरुष वर्षानुवर्षं सोसतात आणि लघवी पूर्ण तुंबल्यावरच दवाखान्यात येतात. म्हणून आज थोडं स्पष्ट बोलतो.

मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेभोवती अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी असते. वयानुसार ती वाढते आणि नळी आवळली जाते. मग धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण तपासणी न करता तसं ठरवूही नका. दुर्लक्ष केल्यास मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते.

बहुतेकांना आधी गोळ्या देतात. त्या पुरेनाशा झाल्या की लोकांना थेट ऑपरेशन दिसतं आणि ते टाळत राहतात. पण मधल्या वाटा आहेत. ‘युरोलिफ्ट’मध्ये न कापता, बारीक टाके लावून ग्रंथीचे वाढलेले भाग बाजूला ओढून धरतात. ‘रेझूम’मध्ये दर टोचणीला ९ सेकंद पाण्याची वाफ ग्रंथीत सोडतात. वाढलेला भाग हळूहळू आक्रसतो; काही दिवस कॅथेटर राहतो आणि पूर्ण फरक पडायला दोन-तीन महिने लागू शकतात. तिसऱ्या पद्धतीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून ग्रंथीचा रक्तपुरवठा कमी करतात. ते काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं.

या उपचारांनंतर बहुधा लवकर घरी जाता येतं, आणि वीर्यस्खलनावर ऑपरेशनपेक्षा कमी परिणाम होतो. ही काळजी पुरुष बोलून दाखवत नाहीत, पण ती असते. दुसरी बाजूही सांगतो. दुर्बिणीच्या किंवा लेझरच्या ऑपरेशनइतकी धार यांनी सहसा मोकळी होत नाही, आणि काही वर्षांनी पुन्हा उपचार लागण्याची शक्यता जास्त असते. ग्रंथी फार मोठी असेल किंवा मूत्राशयात खडे झाले असतील, तर बहुधा ऑपरेशनच योग्य.

म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : माझी ग्रंथी केवढी आहे? यांतलं मला काय चालेल? पुन्हा करावं लागेल का?

आणि मैत्रिणींनो, घरचा माणूस रात्री सारखा उठत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. त्याला तपासणीला घेऊन जा.