पोरांनी वाचायचं, गावानं ऐकायचं

(पाड्यांवर वाचन-जत्रा भरवणाऱ्या पोरा-पोरींच्या शिबिरात संघटनेच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना यायला जमलं नाही त्यांच्यासाठी छापत आहोत. पाड्यावर मोठ्यानं वाचावा.)

प्रत्येक पाड्यावर आम्हाला एकच विचारतात. शाळा आहे, मास्तर आहे, मग ही वाचनाची जत्रा कशाला? संघटनेचं काम जमिनीचं, मोर्चाचं. पोरांच्या गोष्टीच्या पुस्तकांशी आपला काय संबंध? प्रश्न बरोबर आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

आपली जमीन कशी गेली ते म्हाताऱ्यांना विचारा. सावकारानं कागद पुढं केला आणि आपल्या आजा-पणजानं अंगठा उठवला. आत काय लिहिलंय ते वाचून दाखवणारं घरात कोणी नव्हतं. लग्नाला घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायको दोघं लग्नगडी म्हणून वर्षानुवर्षं राबली. कर्ज किती फिटलं, किती उरलं, ते सावकाराच्या वहीत, आणि वही सावकाराच्या घरात. १९४५ साली झरीच्या परिषदेत वारली माणसं जमली आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. गोदावरी परुळेकरांनी तो सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. पुस्तक १९७० साली निघालं. ते आपल्याच आजा-आजीचं पुस्तक आहे. आपल्या किती पाड्यांवर ते कोणी वाचून दाखवलंय?

आता आजचं बघा. वनहक्काचा कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आपण जमीन कसतो, हे दाखवायचं आहे. पुरावा कुठला? जंगलखात्यानं आपल्याला दंड केला त्याच्या पावत्या. ज्या पावतीनं आपल्याला चोर ठरवलं, तीच आज आपला पुरावा झाली! या पावत्या आपल्या बायांनी पत्र्याच्या डब्यात, कुडाच्या फटीत जपून ठेवल्या. पण त्यांच्यावरचं साल कोणी वाचलं नव्हतं. एका पाड्यावर पोरांनी जत्रेच्या दुसऱ्या दिवशी घराघरातले डबे उघडून पावत्या सालाप्रमाणे लावल्या. वर्गात जे आकडे फळ्यावर वाचले, तेच आकडे आजोबाच्या नावापुढं निघाले. त्या संध्याकाळी कुठलं पोर उठून गेलं नाही.

दुसऱ्या एका पाड्यावर उपविभागीय समितीचं पत्र येऊन महिना होऊन गेला होता. घरच्यांना वाटलं, दावा मंजूर झाला. सहावीतल्या पोरीनं पत्र वाचलं. क्षेत्र लिहिलं होतं ०.०४ हेक्टर. ती म्हणाली, “आजा, हे चार आर आहेत. म्हणजे चार गुंठे. आपण तर एकरभर कसतो.” एकरभर म्हणजे ०.४० लागायला हवं होतं. एक शून्य इकडचं तिकडं झालं आणि शेत खोपटाच्या जागेएवढं उरलं. कायद्यानं अशा निर्णयावर जिल्हा समितीकडे दाद मागायला साठ दिवस मिळतात. दिवस शिल्लक होते, अर्ज वेळेत गेला. निकाल अजून यायचा आहे. पण पोरीनं वाचलं नसतं तर अर्जच गेला नसता.

मग कोणी म्हणेल, पोरांना सरळ अर्ज-पत्रंच वाचायला शिकवा, गोष्टी कशाला? इथं नीट आयका. पोर म्हणजे गावाचा कारकून नाही. आठ वर्षांच्या पोराच्या हातात पहिल्यांदाच नोटीस दिली तर ते वाचनाला घाबरेल, जसे आपण कचेरीला घाबरायचो. आधी वाघाची, कोल्ह्याची, भुताची गोष्ट. पोटभर हसू दे. गोष्टीत पुढं काय होतं या ओढीनं जो पान उलटतो, तोच पुढं नोटिशीचं दुसरं पानही उलटतो. आणि खरी मेख दुसऱ्याच पानावर असते!

शाळेत पोरं वाचत नाहीत असं नाही. वाचतात, पण घडाघडा, अर्थ न कळता. घरी आपली बोली, पुस्तकात वेगळी मराठी. पोराला वाटतं, पुस्तकातली माणसं कुठली तरी दुसरीच. घरी येऊन वाचावं तर ऐकायला कोणी नाही, कारण आई-बापाला वाटतं, आपल्याला काय कळणार? हीच गाठ जत्रेत सोडवायची आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही तिथं काम आहे. त्यानं बसून ऐकायचं. बापानं गुडघ्यावर हात ठेवून पाच मिनिटं ऐकलं, की पोराला वाचनाची किंमत कळते.

ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्या थांबल्या नाहीत. शाळाच अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात नेली, तिला कुरणशाळा म्हणत. पोर जिथं आहे तिथं अक्षर न्यायचं, हे आपल्याच डहाणूच्या मातीत करून दाखवलेलं आहे.

आता जत्रा कशी भरवायची ते सांगतो. पैसे लागत नाहीत. मोहाच्या किंवा आंब्याच्या दोन झाडांना दोरी बांधा, पुस्तकं तिच्यावर उघडी टांगा. कपाटात बंद पुस्तक आणि सावकाराची वही यांत फार फरक नाही. हात लावू दे. फाटलं तर खळ लावून चिकटवू. वेळ संध्याकाळची, गुरं परतल्यावर. वाघबारशीच्या आधी निदान दोन जत्रा झाल्या पाहिजेत, कारण दिवाळीनंतर निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो आणि पोरंही जातात. जाणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर दहा पुस्तकांची पिशवी द्या. पिशवी सांभाळायला एक पोर नेमा, नाव वहीत लिहा.

पोर वाचताना अडलं तर हसायचं नाही, मधेच चूक काढायची नाही. थांबायचं. विचारलं तरच सांगायचं. वाचून झालं की त्यानं तीच गोष्ट आपल्या बोलीत सांगायची, म्हणजे म्हातारीलाही कळते आणि पोराला कळलं की नाही तेही कळतं. पहिला-दुसरा नंबर नको, बक्षीस नको. नंबर काढला की मागं बसणारं पोर पुढच्या जत्रेला येत नाही.

मग म्हाताऱ्यांची पाळी. त्यांनी सांगायचं, पोरांनी लिहायचं. पाडा कोणी वसवला, नागली-वरई कुठल्या उतारावर पिकायची, देवाचं झाड कुठलं, कुठल्या ओढ्यापर्यंत आपली गुरं चरायची. ते पानावर लिहा, शिवा, चित्रं काढा. पाड्याचं पहिलं पुस्तक तयार झालं. यातलं चांगलं लिखाण आम्ही स्टेन्सिल कापून याच पत्रकात छापू. आणि ध्यानात ठेवा, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हासुद्धा वनहक्काच्या नियमांत पुरावा धरला आहे. गोष्ट लिहायची सवय लागली की जबाब लिहायला बाहेरचा माणूस शोधावा लागत नाही.

काही जण म्हणतात, पोर शिकलं की शेत सोडतं. सोडतात काही, खरं आहे. पण जे पोर गावात कोणी न ऐकता शिकलं, त्याला गाव आपलं कशाला वाटेल? ज्याचं वाचन मोहाखाली अख्ख्या पाड्यानं ऐकलं, ते कुठंही गेलं तरी पाड्याचं कागद आला की परत येईल.

कायद्यानं वनहक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावावर व्हायला हवा. येत्या जत्रेत मोठ्या पोरांना एवढंच काम द्या. घरातला दाखला काढायचा, आईचं नाव आहे का ते बघायचं आणि तिलाच मोठ्यानं वाचून दाखवायचं. नाव असेल तर तिला आपलं नाव शेताच्या कागदावर पहिल्यांदा ऐकू येईल. नसेल तर ग्रामसभेत विषय मांडू.

इथून जाताना प्रत्येक पाड्यानं जत्रेची तारीख आणि दोन पोरा-पोरींची नावं लिहून द्यावीत. पुस्तकांच्या पेट्या बाहेर ठेवल्या आहेत. उचला आणि चला.

जिंदाबाद!