नाईक यशवंत घाडगे
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



हळदीकुंकू, गाणी आणि फराळ यांच्यामध्ये एका शिपायाविषयी बोलायला मी उभी आहे. विषय ठरला तेव्हाच आपल्यातल्या एका भगिनीने मला सरळ विचारले, "अहो, तो तर इंग्रजांच्या फौजेत होता. त्याच्या तसबिरीला आपण हार का घालायचा?" प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून मला पुढे जाता येणार नाही. पण आधी माणूस कोण, ते सांगते.

यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा. तेव्हा तो मुलूख कुलाबा जिल्हा होता, आता रायगड. शेतीवर भागत नसे, म्हणून कोकणातले तरुण एकतर मुंबईची गिरणी धरीत, नाहीतर पलटणीत जात. यशवंत पलटणीत गेला. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये तो नाईक झाला, म्हणजे दहाएक शिपायांच्या तुकडीचा म्होरक्या. १९४४ साली ही बटालियन इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जर्मन सैन्याशी लढत होती.

१० जुलैचा दिवस. शत्रूच्या एका भक्कम ठाण्यावर मराठ्यांनी चढाई केली. यशवंताची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि बघता बघता सगळे साथीदार पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभा राहिला तो एकटा. मागे फिरला असता तर कोणी बोल लावला नसता. तो सरळ त्या मशीनगनवरच धावला. आधी हातबाँब फेकला. मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही गारद झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपला. दोघे उरले. मॅगझीन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदुकीची नळी धरून दस्त्याच्या तडाख्यांनी त्याने त्या दोघांनाही लोळवले. ठाणे मोकळे झाले. पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत घुसल्या, आणि तो तिथेच कोसळला. वय अवघे २२.

आता त्या प्रश्नाकडे येते. १९३९ साली हिंदुस्थानला युद्धात ओढताना इथल्या कोणालाही विचारलेले नव्हते. यशवंत पडला त्या महिन्यात जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद आणि इतर पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. आपल्या घरांतूनही कोणी तुरुंगात, कोणी पलटणीत, असे झाले आहे. एकाच आईची दोन मुले दोन वाटांनी गेली आहेत. समोर हिटलरचे सैन्य होते, हेही विसरून चालणार नाही. पण मला विचाराल तर त्या क्षणी यशवंताच्या डोळ्यांपुढे ना लंडन असेल, ना दिल्ली. भोवती पडलेले आपले सोबती असतील. हार मी त्या माणसाला घालते. साम्राज्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो आपण १९४७ साली चुकता केला.

त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्राँझचा साधा क्रॉस आणि किरमिजी फीत. घ्यायला तो नव्हता, म्हणून पदक गेले त्याच्या पत्नीकडे. इतक्या कमी वयात कपाळ पुसलेल्या त्या बाईने ते हातात घेतले तेव्हा तिच्या मनात काय आले असेल, हे मी तुम्हांला सांगायला नको. चितेला अग्नी देण्याचे समाधानही त्या घराला नाही, कारण यशवंताची कबर वा समाधी कुठेच नाही. इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर कबर नसलेल्या चार हजारांवर सैनिकांची नावे कोरली आहेत, त्यांत त्याचे नाव आहे.

(जाता जाता सांगते, स्वतंत्र भारताने १९५० साली सुरू केलेले परमवीर चक्र घडवले ते एका बाईने. जन्माने परदेशी, लग्नाने महाराष्ट्राच्या सून झालेल्या सावित्रीबाई खानोलकर यांनी.)

माणगावात यशवंताचा पुतळा आहे. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावानेही त्याच्या नावे स्मारक उभारले, आणि ते स्मारक म्हणजे एक छायाघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. ज्यांच्या डोंगरात आपला मुलगा पडला, त्या लोकांनी ८० वर्षांनी आठवण ठेवली. मला हे फार भले वाटले.

इटलीत ५,७८२ हिंदी सैनिक कामी आले. फौजेतल्या सहा जणांना तिथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांतले नामदेव जाधव मराठेच, आणि ते सुदैवाने घरी परतले. बाकीच्यांची नावे त्यांच्या गावांतसुद्धा पुसट झाली आहेत. आपल्या मंडळातल्या कित्येक जणींची माहेरे कोकणात आणि देशावर आहेत. तिथल्या थोरल्या बायकांना विचारा, कोणाचा आजा, कोणाचा चुलतआजा त्या लढाईत गेला. नाव, गाव, पलटण, एवढे पुरे. त्यासाठी एक वही आजपासून कार्यवाह बाईंच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर यशवंत घाडगे लिहिले आहे, पुढची पाने कोरी आहेत.