थंडी पडते परदेशात, भाव चढतो आपल्या टाकीचा

सकाळचा स्वयंपाक उरकून रेडिओजवळ बसला असाल. ज्या गॅसवर तुमचा स्वयंपाक झाला, त्याच्या भावाबद्दल आज बोलायचं आहे. हा भाव समजला नाही म्हणून आमचा गट फुटायची वेळ आली होती. तिथूनच सुरुवात करतो.

गोष्ट 2023 च्या दिवाळीची. आमच्या गटातल्या दहा जणींनी गणपतीतच फराळाची मोठी ऑर्डर घेतली. चकली, शेव, शंकरपाळी, चिवडा. किलोचा भाव तेव्हाच ठरवून कागदावर लिहून दिला. डाळ, तेल, मैदा, मजुरी, सगळं धरलं. गॅसही धरला, पण त्या दिवशीच्या भावानं. ऑक्टोबरच्या शेवटी भट्ट्या पेटल्या आणि दिवाळीच्या आधी माल पोचला. भाऊबीज झाल्यावर हिशेबाला बसलो, तर धरलेल्या नफ्यात साधारण दीड हजार रुपये कमी!

सहा निळ्या टाक्या लागल्या होत्या. पावत्या निघाल्या चारच. दोन टाक्या घाईत गाडीवरूनच उतरवून घेतल्या होत्या. झालं, सगळ्यांचे डोळे हिशेब लिहिणाऱ्या ताईकडे. "घरची टाकी तर दोनशे रुपयांनी उतरली, मग ही कशी चढली?" असं एकीनं विचारलं. प्रश्न चुकीचा नव्हता. ऑगस्टच्या शेवटी सरकारनं घरगुती टाकी खरोखरच 200 रुपयांनी स्वस्त केली होती. ताई काही बोलली नाही. वही पुढं सरकवली आणि उठून गेली. पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही.

मग आम्ही दोघी-तिघी तालुक्याला गेलो आणि गॅस एजन्सीतून महिन्यामहिन्याचे भाव उतरवून आणले. तेव्हा कळलं, की लाल टाकी आणि निळी टाकी यांचा हिशेबच वेगळा. घरची 14.2 किलोची लाल टाकी. तिचा भाव सरकार बरेच महिने एका जागी धरून ठेवतं. धंद्याची 19 किलोची निळी टाकी. तिचा भाव साधारण दर महिन्याच्या एक तारखेला बदलतो. दिल्लीत ती सप्टेंबर 2023 मध्ये 1522 रुपये 50 पैशांना होती. एक ऑक्टोबरला 1731 रुपये 50 पैसे झाली आणि एक नोव्हेंबरला 1833 रुपये. आपल्याकडचा आकडा थोडा वेगळा असतो, पण चढ जवळपास तेवढाच. आमच्या चार टाक्या ऑक्टोबरच्या आणि दोन नोव्हेंबरच्या. जोडून बघा, दीड हजार तिथंच सापडतात.

आता भाव चढला कशानं? आपल्या देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो, बहुतेक आखाती देशांतून. टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं मिश्रण. सौदी अरेबियाची सरकारी कंपनी दर महिन्याला या दोन्हींचा भाव जाहीर करते आणि आपल्याकडचा हिशेब त्यावर बसतो. डॉलर महागला तर त्याची भर वेगळी.

जपान, कोरिया, चीन अशा थंडीच्या देशांत गॅस नुसता स्वयंपाकाला लागत नाही. घर ऊबदार ठेवायलाही लागतो. तिथले व्यापारी थंडी पडायची वाट बघत नाहीत, आधीच साठा करायला लागतात. आपण नाही का पावसाळ्याआधी सरपण आणि गोवऱ्या भरून ठेवत? तसंच. गिऱ्हाईक वाढलं की भाव चढतो. जुलै 2023 मध्ये सौदीचा प्रोपेनचा भाव टनाला 400 डॉलर होता, ऑक्टोबरमध्ये तो 600 डॉलर झाला. आणि नेमकी तेव्हाच आपली दिवाळी येते!

पण हे काही पंचांग नव्हे. एप्रिल 2022 मध्ये थंडी सरली होती, तरी युक्रेनच्या युद्धामुळे भाव भडकलेलाच होता. म्हणून ऋतू ध्यानात ठेवायचा, पण त्याच्यावर विसंबायचं नाही.

एका मैत्रिणीनं विचारलं, पेट्रोलचंही असंच असतं का? आपल्याकडे पंपावर ऋतूचा फरक फारसा दिसत नाही. अमेरिकेत मात्र दिसतो, आणि तोही उलटा. तिथं उन्हाळ्यात लोक गाड्या घेऊन फिरायला निघतात, म्हणून मागणी वाढते. शिवाय उन्हात पेट्रोलची वाफ होऊन हवा खराब होऊ नये असा तिथं नियम आहे. हिवाळ्यात पेट्रोलमध्ये स्वस्त ब्युटेन जास्त मिसळता येतो, उन्हाळ्यात तो कमी करावा लागतो. म्हणून उन्हाळ्याचं पेट्रोल महाग पडतं. हा ब्युटेन म्हणजे आपल्या टाकीत असतो तोच.

हे सगळं कळल्यावर आम्ही ताईच्या घरी गेलो. भावाचा कागद तिच्यापुढं ठेवला आणि चूक कबूल केली. ती एवढंच म्हणाली, "आधी विचारायचं होतं, मग संशय घ्यायचा होता." आम्हाला मान खाली घालावी लागली. पुढच्या बैठकीला ती आली.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्यात, तुम्हालाही उपयोगी पडतील. ऑर्डरच्या कागदावरच लिहायचं, "गॅसचा भाव वाढल्यास फरक वेगळा घेतला जाईल." तसं कबूल नसेल, तर दिवाळीच्या ऑर्डरला टाकीमागं दोन-तीनशे रुपये आधीच जास्त धरायचे. दर एक तारखेला निळ्या टाकीचा भाव विचारून वहीत लिहायचा. एका टाकीत किती किलो माल निघाला तेही लिहायचं. पावतीशिवाय टाकी उतरवून घ्यायची नाही, आणि प्रत्येक पावती बैठकीत मोठ्यानं वाचायची.

आणखी एक. निळी महाग झाली म्हणून घरची लाल टाकी भट्टीला लावू नका. ते नियमाविरुद्ध आहे. भाव वाढणार म्हणून घरात टाक्याही साठवू नका. वाचलेल्या पैशापेक्षा आपला जीव मोठा.

दीड हजार रुपये दहा जणींत वाटले तर माणशी दीडशे होतात. तेवढ्यासाठी आम्ही एक चांगली मैत्रीण गमावणार होतो. तुमच्या गटात हिशेब जुळला नाही, तर आधी भाव तपासा, माणसावर मग या.