भिंत चढणारी मुले आणि मुली



मोठ्या शहरांतील काही खासगी शाळांत आता प्रस्तरारोहणाची भिंत असते. हे श्रीमंतांचे चोचले, असे बिडकीनमध्ये कोणी म्हणेल. परंतु २०१६ साली नवी मुंबईत या खेळाची विश्वचषक स्पर्धा झाली आणि २०२१ साली टोकियो येथे त्याला ऑलिंपिकमध्ये स्थान मिळाले.

याचे तीन प्रकार आहेत. एकात १५ मीटरची भिंत वेगाने चढायची. दुसऱ्यात दोर लावून जास्तीत जास्त वर जायचे. तिसऱ्यात बुटक्या भिंतीवरील अवघड वाटा दोराविना चढायच्या, खाली जाड गाद्या असतात.

इंडोनेशियाच्या आरीस सुसांती राहायू हिने २०१९ साली चीनमध्ये १५ मीटरची भिंत ६.९९५ सेकंदांत चढून विक्रम केला. ७ सेकंदांच्या आत चढणारी ती पहिली स्त्री. ती हिजाब घालूनच स्पर्धेत उतरत असे. मुलगी आठवीत गेली की तिचा खेळ बंद करणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

भिंत महाग आहे, हे खरे. पण मल्लखांब आणि दोरीवर चढणे यांना फारसा खर्च नाही, आणि बोटांत व खांद्यांत बळ त्यानेही येते. तेथून सुरुवात करू या, मुलींसह.

विद्यार्थी मित्रहो, दौलताबादच्या कड्यावर मात्र हात आजमावू नका. जाणकार शिक्षक आणि दोर यांच्याविना कोणताही कडा चढू नये.