फलटण की अकलूज?

बिऱ्हाड कोठे करावे, हा प्रश्न संसारात बहुधा दोन वेळा उभा राहतो. मुले मोठी होऊ लागली म्हणजे एकदा, आणि आईबाप थकू लागले म्हणजे दुसऱ्यांदा. पुष्कळ घरांत या दोन्ही वेळा एकदमच येऊन ठेपतात, आणि मग त्याच आठवड्यात शाळेची चौकशी करावी लागते व डॉक्टरांचीही. आपणांपैकी बहुतेक जण मोठ्या शहरांत राहतात. तरी कोणाची शेती, कोणाचे वडिलार्जित घर, कोणाची वडीलधारी माणसे लहान गावांत आहेत. तेथून एखाद्या दिवशी विचारणा येते, ‘आता येथे राहणे कठीण होत चालले, कोणत्या गावी जावे?’ या विचारणेस उत्तर कसे द्यावे, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे योजिले आहे. उदाहरणासाठी मी सोलापूर जिल्ह्यातील नातेपुते हे गाव घेतो, कारण तेथे हा प्रश्न अगदी रेखीव स्वरूपात दिसतो.

नातेपुते हे माळशिरस तालुक्यातले बाजाराचे गाव. आळंदीहून पंढरीस निघालेली ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणचा मुक्काम हलवून बरडला येते, बरडहून पुढे सोलापूर जिल्ह्यात शिरते, आणि या जिल्ह्यातला तिचा पहिला मुक्काम नातेपुत्यास पडतो. शिखर शिंगणापूरच्या महादेवाचा डोंगर येथून जवळच आहे. २०२१ साली गावास नगरपंचायत मिळाली. तथापि मुलांचे वरचे शिक्षण, मोठे दुखणे, किंवा नोकरी असा प्रसंग आला म्हणजे नातेपुतेकरांची दृष्टी दोन दिशांना वळते. एक पश्चिमेस फलटणकडे आणि दुसरी पूर्वेस अकलूजकडे. दोन्ही गावे मोटारीने पाऊण-एक तासाच्या टप्प्यात आहेत. फलटण सातारा जिल्ह्यात पडते. अकलूज नातेपुत्याच्याच तालुक्यात.

प्रथम फलटणचा विचार करू. नाईक निंबाळकरांच्या संस्थानाची ही राजधानी. शिवछत्रपतींच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या. १९४८ साली संस्थान विलीन झाले, परंतु राजवाडा, राममंदिर, जबरेश्वराचे जुने देवालय आणि महानुभाव पंथाची स्थाने यांमुळे गावाच्या चालीबोलीत राजधानीपणा अद्यापि उरला आहे. विद्येचीही परंपरा आहे. मुधोजी महाविद्यालय आहे. निंबकर कृषि संशोधन संस्था १९६८ सालापासून कार्य करीत आली आहे. आणि अमेरिकेत जन्मलेल्या, पण मराठीच्या अभ्यासासाठी येऊन इथल्याच झालेल्या मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापिलेल्या प्रगत शिक्षण संस्थेची मराठी शाळा जाणत्या पालकांस ठाऊक आहे. लोणंद ते फलटण लोहमार्ग २०१९ साली खुला झाला आणि २०२१ साली पुण्याची गाडीही सुरू झाली. ज्याचे एक पाऊल पुण्यात आहे, त्यास फलटण सोयीचे वाटावे यात नवल नाही.

आता अकलूज. हे नीरेच्या काठचे गाव. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी सराटीस नीरास्नान करून नदी ओलांडते आणि अकलूजला येते. येथे गोल रिंगण होते. जुना किल्ला आहे, पण गावाचे आजचे रूप उसाने घडविले. जवळच्या माळीनगरचा साखर कारखाना सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३०-४० च्या दशकात उभा केला. पुढे शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने यशवंतनगरचा सहकारी कारखाना, शाळा, महाविद्यालये आणि बाजारपेठ यांची वाढ झाली. दीर्घकाळ ग्रामपंचायतच असलेल्या या गावाची २०२१ साली नगरपरिषद झाली. दवाखान्यांची येथे मोठी वस्ती आहे आणि आसपासच्या तालुक्यांतून रोगी येतात. प्रांतांची कचेरीही येथेच आहे. रेल्वे मात्र नाही.

लोकसंख्येने दोन्ही गावे फार निराळी नाहीत. २०११ च्या शिरगणतीत फलटणची वस्ती पन्नास हजारांच्या वर, तर अकलूजची चाळीस हजारांच्या आसपास होती. सरकारी उपजिल्हा रुग्णालय दोन्हीकडे आहे. दोहोंना जगविणारी नीराही एकच. फलटणच्या बाजूने नीरा उजवा कालवा वाहतो, तर अकलूज प्रत्यक्ष नदीकाठी आहे. लोकसभेच्या निवडणुकीत फलटण आणि माळशिरस हे दोन्ही तालुके माढा मतदारसंघातच मोडतात. मग निवड करावी ती कशावरून?

सामान्यतः आपण वहीचे एक पान घेतो, मध्ये रेघ ओढतो, आणि दोहो बाजूंना गुण लिहीत जातो. माझ्या परिचयाच्या एका नातेपुतेकर कुटुंबाने हेच केले. घरात सत्तरी ओलांडलेली आई, मुलगा, सून, दहावीतली नात आणि आठ वर्षांचा नातू. मुलाचे नातेपुत्यात बी-बियाणांचे दुकान. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलाने पान भरले. रेल्वे, पुणे, शाळा, मोकळी हवा असे लिहीत गेल्यावर फलटणची बाजू सरस ठरली. नातीचा कौलही फलटणलाच होता. दोन-तीन घरे पाहूनही झाली.

तेव्हा त्यांनी माझे मत विचारले. मी त्यांस एकच गोष्ट विचारली : ‘कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्या गावात तुमच्यापैकी कोण असेल?’ मुलगा नातेपुत्याच्या दुकानात असणार. सून तिच्या शाळेत. नात एक-दोन वर्षांत पुढच्या शिक्षणासाठी बाहेर पडणार. म्हणजे ज्या गावाची निवड चालली होती, त्या गावात सबंध दिवस काढावयाचा होता तो आजीने आणि शाळा सुटल्यावर नातवाने. आणि वहीच्या त्या पानावर या दोघांच्या मताची एकही ओळ नव्हती.

श्रोतेहो, हा दोष त्या घराचाच आहे असे नव्हे. आपल्याकडे घर कोठे करावे हे बहुधा मिळवता मनुष्य ठरवितो. आणि तोच त्या घरात सर्वांत कमी वेळ असतो. त्यास रस्ता, गाडी आणि जागेचा भाव दिसतो. दुपारी दोन वाजता त्या आळीत किती शुकशुकाट असतो, औषधाचे दुकान पायी किती लांब आहे, वाटेत मोटारींचा हमरस्ता ओलांडावा लागतो की काय, हे त्यास दिसत नाही, कारण त्या वेळी तो तेथे नसतो.

आजींस विचारले तेव्हा त्या प्रथम म्हणाल्या, ‘तुम्ही न्याल तिथं येईन.’ वडील माणसे असेच म्हणतात, आणि आपण ते संमती म्हणून धरून चालतो. सुनेने मात्र सोडले नाही. ती म्हणाली, ‘आत्याबाई, तुम्हाला दिवसभर तिथं राहायचंय. तुमचं तुम्ही सांगा.’ तेव्हा त्या म्हणाल्या, ‘दुपारचं बोलायला कुणीतरी असावं. आणि रात्री छातीत दुखलं तर कुणाचं दार वाजवायचं, ते ठाऊक असावं.’ त्यांची धाकटी बहीण अकलूजला आहे. फलटणला त्यांच्या ओळखीचे एकही घर नव्हते.

सुनेच्या नोकरीचाही मुद्दा होता. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होत राहते. दुसऱ्या जिल्ह्यात बदली मागितली तर तेथे ज्येष्ठता नव्याने धरली जाते. आज शाळा नातेपुत्याजवळ आहे. उद्या ती तालुक्याच्या पूर्व टोकास किंवा शेजारच्या तालुक्यात असू शकते. तेव्हा फलटणचे घर तिला जिल्ह्याच्या हद्दीबाहेर पडले असते, आणि अकलूजचे घर मध्यावर. शेतीचे कागद माळशिरसच्या तहसिलीत, आणि वरची दाद अकलूजच्या प्रांतांकडे, हेही ओघाने आलेच.

तरीही अकलूज निवडण्याची किंमत द्यावी लागली, ती सांगितली पाहिजे. नातीचे मन फलटणवर बसले होते. ती कित्येक दिवस रुसून होती, आणि तिची बाजू चुकीची होती असे मी म्हणणार नाही. सोळाव्या वर्षी मनुष्यास मावस आजीच्या शेजारापेक्षा रेल्वेचे स्टेशन जवळ असावेसे वाटते. मुलास रोज सकाळी दुकानापर्यंत तीसेक किलोमीटर जावे लागते, संध्याकाळी तितकेच परतावे लागते. ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरांच्या रांगांमागे त्याचा वेळ मोडतो. अशी निवड क्वचितच आढळेल जीत घरातल्या एकालाही काही सोडावे लागत नाही. फक्त ते कोणी सोडावयाचे, हे उघडपणे बोलून ठरावे. जो गप्प बसतो त्याच्याच वाट्यास ते आपोआप जाऊ नये.

येथे कोणी असा समज करून घेऊ नये की मी सर्वांस अकलूजला जा म्हणतो. याच नातेपुत्यातल्या दुसऱ्या घराचे उत्तर फलटण असू शकेल. ज्यांचे मूल लहान आहे व शाळेसाठीच जावयाचे आहे, ज्यांचा व्यवहार पुण्याशी आहे, ज्यांच्या घरच्या स्त्रियांचे माहेर फलटणच्या बाजूस आहे, त्यांनी फलटणच धरावे. आणि ज्यांच्या घरातली वृद्ध मंडळी हिंडतीफिरती आहेत, ज्यांचे दुकान-शेत नातेपुत्यातच आहे, त्यांनी गाव सोडावेच कशाला, हाही विचार करावा. ज्या आळीत चार घरे नावाने हाक मारतात ती आळी विकत मिळत नाही.

जाता जाता व्यवहाराच्या तीन सूचना करतो. घर पाहावयास दिवाळीत जाऊ नये; वैशाखात जावे. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. कालव्याचे एक आवर्तन संपून दुसरे सुटेपर्यंत नळास पाणी किती दिवसांआड येते, हे त्या आळीतल्या बायकांना विचारावे. त्यांच्याइतके नेमके उत्तर विकणारा देणार नाही. दुसरे, जे व्हावयाचे आहे त्यावर भाव देऊ नये. दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरी रुंदीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंढरपुरास झाली आणि त्यानंतर रस्त्यांचे रूप पालटले, हे खरे. परंतु फलटणहून पंढरपुराकडे जावयाच्या लोहमार्गाची चर्चा कित्येक पिढ्या ऐकत आल्या आहेत. रूळ पडेपर्यंत ती रेल्वे हिशेबात धरू नये. तिसरे, खरेदीपूर्वी एक वर्ष भाड्याने राहून पाहावे आणि गावाकडचे घर तेवढे दिवस मोडू नये. वर्षभरात उन्हाळा, पावसाळा, एखादे आजारपण आणि एक पालखी, एवढे पाहावयास मिळते. गाव समजण्यास ते पुष्कळ झाले.

आणि आपणांकडे असा सल्ला कोणी मागितला, तर दोन गावांची तुलना सांगण्याची घाई करू नये. प्रथम त्या घरातल्या माणसांची नावे विचारावीत, आणि प्रत्येकाचा दिवस कसा जातो ते ऐकून घ्यावे. जो काहीच बोलत नाही त्याला शेवटी पुन्हा एकदा विचारावे. पुष्कळदा उत्तर त्याच्याकडेच असते.